पासंगाचं वजन का उतरलं

वजनकाटे दुरुस्त करतात म्हणून सगळा बाजार त्यांना काटेमावशी म्हणायचा. नाव धंद्यावरून पडलं होतं. पण ज्यांनी त्यांच्याशी एकदा हुज्जत घातली होती, त्यांची खात्री होती की ते स्वभावावरूनच पडलंय. "काटा बरोबर दाखवतोय, तुझा मालच कमी आहे," हे वाक्य मावशींनी आयुष्यात इतक्या जणांना ऐकवलं होतं की त्यांच्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे.

दुकान मुळात काकांचं, म्हणजे मावशींच्या यजमानांचं. रस्त्यापासून दोन पायऱ्या वर, अरुंद, एका बाजूला लांबलचक टेबल, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत गेलेली फळ्यांची मांडणी आणि तिच्यावर दुरुस्तीला आलेले नि कधीच कुणी न्यायला न आलेले काटे. बारा वर्षांपूर्वी काकांचे हात थरथरायला लागले. एका दुपारी एकच बारीक स्क्रू त्यांच्या हातातून चार वेळा पडला. पाचव्यांदा तो मावशींनी उचलला, जागेवर बसवला आणि पिळून टाकला. मावशी लग्न झाल्यापासून दुकानात बसतच होत्या, बघून बघून सगळं काम त्यांना येत होतं. त्या दिवसापासून दुकानाचे हात मावशींचे झाले आणि तोंड काकांचं. काका दारातल्या खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवत आणि मावशी आत मान खाली घालून काम करत. धंदा काही वाईट चालला नाही.

आणि तिसरा होता पासंग.

तागडीची दोन पारडी सारखी नसली, तर हलक्या पारड्याला जो छोटासा तुकडा बांधून तोल साधतात, त्याला पासंग म्हणतात. चौदा वर्षांपूर्वी एका जुन्या काट्याच्या खोक्यातून मांजराचं एक पिल्लू दुकानात आलं होतं. काका तेव्हा एक पितळी तागडी जमवत बसले होते. पिल्लू तुरुतुरु चालत आलं आणि नेमकं हलक्या पारड्यात जाऊन बसलं. काटा मधोमध उभा राहिला. काका म्हणाले, "घ्या! पासंग चालत आला!" झालं, बारसं उरकलं.

मोठा झाल्यावर तो पासंग म्हणण्यासारखा अजिबात राहिला नाही. राखाडी अंग, पांढरी छाती, डावा कान कुठल्याशा मारामारीत फाटलेला, आणि वजन पाच किलो दोनशे ग्रॅम. वर्षानुवर्षं तेवढंच. पन्नास ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. मावशी दुरुस्त झालेला प्रत्येक काटा आधी लाकडी पेटीतल्या लोखंडी वजनांनी रीतसर तपासत. ते खरं तपासणं. मग काका गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी पासंगाला उचलून काट्यावर ठेवत. पासंग मुळातला आळशी, ठेवला की बसला. आकडा बघून काका हाळी देत, "पाच दोनशे! काटा पास!" गिऱ्हाईक हसत हसत काटा घेऊन जाई. बाजारात लोक म्हणत, "माणसाचा शब्द फिरेल, पासंगाचं वजन फिरणार नाही."

त्या वर्षी थंडी सरता सरता पासंगाला तरुणपण आलं.

चौदा वर्षांचा बोका म्हणजे माणसाच्या हिशेबात सत्तरी ओलांडलेला गृहस्थ. त्याने दिवसभर उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत झोपायचं. पण पासंग एके दिवशी थेट मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर जाऊन बसला. गेल्या पाच वर्षांत तो तिकडे फिरकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दारापासून मागच्या मोरीपर्यंत काही कारण नसताना सुसाट धावला, वळला आणि पुन्हा सुसाट परत आला. कागदाच्या बोळ्यामागे लागला. ताटली चाटूनपुसून साफ करायला लागला आणि वर काकांच्या पायात घोटाळून आणखी मागायला लागला. समोरची मासेवाली त्याच्यासाठी रोज डोकी नि शेपट्या बाजूला ठेवायची. ती म्हणाली, "मावशी, याला भस्म्या झालाय की काय? माझ्या टोपलीत तोंड घालायची कधी याची हिंमत नव्हती. आज घातलं!"

काका तर हरखून गेले. येईल त्याला सांगू लागले, "चौदावं वर्ष! आणि उडी बघा! म्हातारपण यावं तर असं यावं." पहाटे पासंग दुकानामागच्या त्यांच्या घरभर फिरून मोठमोठ्याने ओरडायचा. पूर्वी कधी त्याचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता. मावशी पांघरूण डोक्यावर ओढून घेत, पण काका उठून बसत. "मला उठवतोय गं तो. म्हणतोय, चला, किती लोळणार!" आणि खरोखरच, बारा वर्षं हाताच्या कंपामुळे बाहेर जायचं टाळणारे काका त्या पहाटेच्या हाकेवर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला लागले. आल्यावर पायातले बूट काढताना शीळ वाजवत.

मावशींना त्या शिळेचंच जास्त कौतुक होतं. त्यामुळे बाकीच्या गोष्टी त्यांनी मनावर घेतल्या नाहीत. पासंगाचं पाण्याचं भांडं पूर्वी संध्याकाळी भरावं लागे, ते आता दुपारीच कोरडं पडू लागलं. वाळूचा ट्रे दिवसातून दोनदा साफ करावा लागू लागला. एकदोनदा त्याने खाल्लेलं ओकून टाकलं. पण अधाशासारखं खाल्लं की होतंच तसं. आणि काट्यावर बसायला तर तो तयारच होईना. ठेवला की टुणकन उडी मारून पसार. काका म्हणत, "आता त्याला कामधंदे आहेत. रिकामटेकडा होता तेव्हा बसायचा." चारपाच महिने पासंगाविनाच काटे पास होत राहिले.

मग एका दुपारी मासेवालीचा काटा दुरुस्त झाला. ती न्यायला आली तेव्हा मावशींनी वजनं ठेवून काटा तपासलेला होता आणि त्या हात धुवायला मागे गेल्या होत्या. सकाळभर धावून दमलेला पासंग टेबलावर पाय ताणून पडला होता. मासेवालीने त्याला हळूच उचललं आणि काट्यावर ठेवलं. तो इतका थकला होता की हललासुद्धा नाही.

"मावशी!" मासेवाली ओरडली. "अहो, हा काटा मला धंद्यातून उठवणार! नऊशे ग्रॅम कमी दाखवतोय!"

मावशी ओल्या हातानेच आल्या. आकडा चार तीनशे.

"हलला असेल तो."

"झोपलाय की हो डाराडूर!"

मावशींनी पासंगाला उचलून बाजूला ठेवलं. पेटीतलं पाच किलोचं वजन काट्यावर ठेवलं. पाच. बरोबर. दोन किलोचं ठेवलं, दोन. पुन्हा पासंग. चार तीनशे. मावशींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी फळीवरून दुसरा काटा काढला, पुसला, समतोल केला. चार तीनशे. मग त्यांनी काकांच्या वडिलांची जुनी पितळी तागडी खाली काढली, जिला वीज लागत नाही आणि खोटं बोलता येत नाही. एका बाजूला पासंगाला टोपलीसकट ठेवलं, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाची टोपली आणि वजनं. चार किलोवर शंभरशंभरची तीन वजनं पडली आणि पारडी सारखी झाली.

आयुष्यभर मावशींची सवय अशी की आकडा चुकला तर काट्यावर संशय घ्यायचा. आता तीन काटे एकच गोष्ट सांगत होते. काटे बरोबर होते. बोक्यातच फरक पडला होता.

त्यांनी पासंगाच्या पाठीवरून हात फिरवला. रोज फिरवत होत्या, पण वरवर, जाता येता. आज बोटं दाबून फिरवली. दाट केसांच्या खाली मणक्याचा एकेक मणी बोटाला लागत होता. केससुद्धा पूर्वीसारखे मऊ राहिले नव्हते. पाठीवर ठिकठिकाणी चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या.

"दुप्पट खातोय," मावशी हळूच म्हणाल्या, "आणि उतरतोय. मग खाल्लेलं जातंय कुठे?"

काका दारातून म्हणाले, "धावतो किती! व्यायामाने उतरलं असेल. माझंही उतरलंय की."

"तुमचं अर्धा किलोही उतरलेलं नाही. मी बघितलंय."

"म्हातारपणी वजन उतरतंच गं."

"आत्ता म्हणालात तो तरुण झालाय. एक काहीतरी ठरवा."

मासेवालीने आपला काटा उचलला आणि नवराबायकोच्या मध्ये न पडता काढता पाय घेतला.

संध्याकाळी मावशींनी डॉक्टरकडे जायचं काढलं तेव्हा काका चिडले. काका क्वचित चिडत. "चांगला हसताखेळता जीव आहे. कशाला त्याच्यामागे डॉक्टरांचं शुक्लकाष्ठ लावतेस? इतक्या वर्षांनी कुणीतरी या घरात उड्या मारतंय, ते बघवत नाही का तुला?"

ते शेवटचं वाक्य पासंगाबद्दल नव्हतं, हे मावशींना कळलं. पण त्यांनी जनावरांच्या दवाखान्यात फोन करून चार दिवसांनंतरची वेळ घेतली. मिळाली तीच सर्वांत लवकरची होती.

त्या चार दिवसांत त्यांनी जे येत होतं तेच केलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक काट्याला त्या एक चिठ्ठी बांधत. वस्तू काय, तक्रार काय, केव्हापासून, काय आढळलं. तशीच एक चिठ्ठी त्यांनी पासंगासाठी घेतली. 'वस्तू' या शब्दावर काट मारून 'बोका' लिहिलं. तक्रारीच्या जागी पेन अडखळलं, कारण बोक्याची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. म्हणून त्यांनी नुसतं बघायला सुरुवात केली. पाणी मापाने ओतलं आणि उरलेलं मोजलं. जेवण वजन करून दिलं. कधी ओकला, किती वेळ झोपला, कुठे झोपला. आणि बघता बघता एक गोष्ट दिसली जी इतके महिने कुणालाच दिसली नव्हती. तो उन्हात झोपायचं विसरला होता. मोरीच्या थंड फरशीवर अंग पसरून पडायचा, तेही दहा मिनिटं, की लगेच उठून येरझाऱ्या. त्याच्या छातीवर हात ठेवला तर आत शिवणयंत्र चालू असल्यासारखं काळीज धडधडत होतं. तेही झोपेत.

तिसऱ्या दिवशी मावशींनी काकांचा थरथरता हात धरला आणि पासंगाच्या छातीवर ठेवला. काकांनी बराच वेळ हात काढला नाही.

"माझा हात कापतोय म्हणून तसं लागतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो," मावशी म्हणाल्या. "मलाही तसंच लागतंय."

दवाखान्याला जाताना पासंग काट्याच्याच एका जुन्या खोक्यात बसला. खोक्याला मावशींनी ड्रिलने भोकं पाडली होती आणि तळाशी काकांचा जुना स्वेटर घातला होता. काका "मी नाही येत" म्हणत तयार झाले आणि "तुला एकटीला उचलणार नाही" म्हणत बरोबर आले. वाटेत प्रत्येक भोकातून आळीपाळीने एक पंजा बाहेर येत होता.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांची मुलगी शोभतील एवढ्या होत्या. हाताच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं पटापट. त्यांनी आधी पासंगाला टेबलावरच्या वजनयंत्रावर ठेवलं. आकडा आला, चार किलो.

"अरे देवा!" काकांचा चेहरा पांढरा पडला. "चार दिवसांत आणखी तीनशे उतरलं?"

मावशी मात्र आकड्याकडे बघत नव्हत्या. खाली वाकून यंत्राकडे बघत होत्या. "नाही उतरलेलं. सकाळी मी तीन काट्यांवर केलंय. चार दोनशे ऐंशी आहे. बाई, तुमचा काटा खाली कुठेतरी टेकतोय."

"असं कसं होईल? गेल्याच वर्षी घेतलाय..."

"वरचा पत्रा उचलू का?"

उत्तराची वाट न बघता मावशींनी पत्रा उचललासुद्धा. खाली इंजेक्शनच्या सुईचं एक टोपण अडकलं होतं आणि त्याच्याभोवती केसांचा लिंबाएवढा गोळा. मावशींनी चिमटा मागितला, सगळं साफ केलं, पत्रा बसवला. पासंगाला पुन्हा ठेवलं. चार दोनशे ऐंशी.

डॉक्टरीणबाई आधी ओशाळल्या आणि मग खो खो हसल्या. "मावशी, दर महिन्याला या. खरंच या. लहान जीवांना औषध वजनावर देतो आम्ही."

मग मावशींनी पासंगाची चिठ्ठी पुढे केली, ती बाईंनी उभ्या उभ्या वाचली. वाचता वाचता त्यांचं हसणं थांबलं. त्यांनी पासंगाची मान दोन बोटांत धरून गळ्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू वरून खाली चाचपलं. एका जागी बोटं थांबली. त्यांनी मावशींचं बोट तिथे नेऊन ठेवलं. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी सरकलं.

"गळ्यात एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "माणसांना असते तीच, थायरॉईड. शरीर किती वेगाने चालवायचं ते ती ठरवते. म्हाताऱ्या मांजरांमध्ये कधीकधी ती वाढते आणि भलताच वेग धरते. मग भूक वाढते, तहान वाढते, झोप जाते, मांजर ओरडत फिरतं, धावतं. लोकांना वाटतं तब्येत सुधारली. आत मात्र ते झिजत असतं. रक्त तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण ही चिठ्ठी वाचून मला तेच वाटतंय."

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. "म्हणजे तो... आनंदात नव्हता?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, गाडी उभी आहे आणि कुणीतरी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरलाय, असं समजा. आवाज जोरात येतो, पण गाडी मजेत नसते."

"मी सगळ्यांना सांगत फिरलो की तरुण झाला म्हणून."

"सगळेच सांगतात. मांजर आजार लपवण्यात पटाईत. खायचं सोडून कोपऱ्यात बसलं तर निदान लोक घाबरून आणतात तरी. हे असं खाऊनपिऊन उड्या मारणारं मांजर कुणी आणतच नाही. म्हणून मी म्हणते, मांजराच्या वागण्यात बदल झाला ना, वाईट असो की चांगला, विचारायला या. म्हातारं मांजर अचानक पोरासारखं वागायला लागलं तर आधी या."

रक्त काढताना पासंगाने डॉक्टरीणबाईंना एक, मदतनीस बाईंना दोन आणि काकांच्या स्वेटरला असंख्य ओरखडे काढले. दोन दिवसांनी फोन आला. अंदाज बरोबर होता. मूत्रपिंडं या वयाच्या मानाने चांगली होती, काळीज वेगात होतं पण अजून थकलेलं नव्हतं. दिवसातून दोनदा गोळी, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्ताची तपासणी. "वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मावशींनी काकांना सगळं सांगितलं. काका दारातल्या खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, परत येतं."

"काय?"

"गेलेलं. जोर. उत्साह. त्याचं आलं म्हणजे माझंही येईल."

मावशींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "तुम्हाला कुठे थायरॉईड झालाय? तुम्ही आपल्या पायांनी चालत गेलात, आपल्या पायांनी परत आलात. त्याने फक्त ओरडून उठवलं. बूट काय त्याने घातले?"

काकांना हसू आलं. काटेमावशींकडून यापेक्षा गोड काही मिळणार नाही, हे त्यांना चाळीस वर्षांत ठाऊक झालं होतं.

आता गोळीचं प्रकरण. गोळी एवढीशी, पण पासंगाने तिच्याशी जन्माचं वैर मांडलं. मावशींनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, जबडा उघडून, जिभेच्या मुळाशी गोळी ठेवली. त्याने शांतपणे गिळल्यासारखं केलं आणि टेबलाखाली जाऊन थुंकली. मासळीच्या तुकड्यात घालून दिली. मासळी संपली, ताटलीच्या मधोमध गोळी लख्ख धुऊन ठेवल्यासारखी उरली. काट्यातला सगळ्यात चिवट स्क्रू काढणाऱ्या मावशी तीन दिवसांत रडकुंडीला आल्या.

तोडगा काकांनी काढला. त्यांनी गोळी उकडलेल्या मासळीच्या छोट्या तुकड्यात खुपसली, तो तुकडा स्वतःच्या ताटाच्या अगदी कडेला ठेवला आणि तोंड दुसरीकडे करून मावशींशी गप्पा मारायला लागले. पासंग हळूहळू सरकत आला. एक पंजा वर आला. काकांनी "हात्!" म्हणून ताट झाकायचं नाटक केलं. त्यांचा हात नेहमीसारखा थरथरत, हुकत गेला. पासंगाने तेवढ्यात तुकडा पळवला आणि पकडले जायच्या आत न चावता गिळून टाकला.

"बघितलंस?" काका छाती फुगवून म्हणाले. "दिलेलं थुंकतो. चोरलेलं पोटात जातं."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ काकांच्या ताटावर दरोडा पडू लागला. ही एक जबाबदारी मावशींना जमणारी नव्हती. त्यांनी ताट झाकलं तर ते खरंच झाकलं जायचं.

तीन आठवड्यांनी रक्त पाहून डॉक्टरीणबाईंनी गोळी थोडी वाढवली. वजन चार चारशेवर आलं. मग चार सहाशे. पहाटेचं ओरडणं कमी होत होत थांबलं. पाण्याचं भांडं पुन्हा संध्याकाळपर्यंत पुरू लागलं. एके दिवशी दुपारी पासंग खिडकीतल्या उन्हात जाऊन आडवा झाला आणि सूर्य सरकला तसा सरकत राहिला. मावशींनी काम थांबवून ते बघितलं. आळस बघून एवढा आनंद त्यांना जन्मात कधी झाला नव्हता.

बाजाराला मात्र हे उलटंच दिसलं. लोक चुकचुकायला लागले. "मावशी, बोका मलूल दिसतोय. आजारी आहे का?"

"आजारी होता तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवत होतात," मावशी म्हणत. "आता बरा झालाय. म्हणून झोपलाय."

काका पहाटे उठायचे ते उठतच राहिले. आधी सवयीने, मग रस्त्याच्या टोकाला चहा पिणाऱ्या तीन म्हाताऱ्यांशी ओळख झाली म्हणून. पासंगाचं वजन अखेर चार नऊशेवर येऊन थांबलं. काकांनी हाळी बदलली. "चार नऊशे! काटा पास!" जुनी गिऱ्हाइकं विचारत, तीनशे ग्रॅम कुठे गेले? मग काका त्यांना बसवून घेत आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत. ती सांगायला अर्धा तास लागे.

त्या हकीकतीचा परिणाम असा झाला की लोक आपापली मांजरं घेऊन वजन करायला येऊ लागले. आधी गंमत म्हणून, मग दर महिन्याला. मावशी प्रत्येकाची चिठ्ठी करत आणि प्रत्येकाला तेच सांगत, "मी डॉक्टर नाही. मला आकडा कळतो. आकडा हलला तर तिकडे जा." डॉक्टरीणबाईंनीही त्यांना दवाखान्यात बोलावून काही खुणा शिकवल्या होत्या. सारखं गुरगुरणारं मांजर प्रत्येक वेळी खूश असतंच असं नाही, दुखत असलं तरी गुरगुरतं. अंग चाटायचं सोडलं की बघायचं; एकाच जागी चाटत सुटलं तरी बघायचं. आणि एक खूण अशी शिकवली होती की जिच्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंतही थांबायचं नाही.

ती खूण एका शनिवारी भर दुपारी दुकानात चालत आली. चार दुकानं पलीकडचा चष्मेवाला, गळ्यात स्वतःचाच चष्मा लोंबकळत, सहज म्हणून डोकावला. "मावशी, आमच्या बोक्याला बद्धकोष्ठ झालंय बघा. सकाळपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय. चमचाभर तेल पाजू का?"

मावशींचं डोकं टेबलावरून झटकन वर आलं. "लघवी होतेय का त्याला?"

"आँ? ते मी कुठे बघतोय? वाळू तर कोरडीच वाटली. दोन थेंब असतील."

"खातोय?"

"नाही. सकाळी एकदा ओकला."

"दुकान बंद कर."

"अहो, मला तीन वाजता एक गिऱ्हाईक..."

"अरे, लघवी अडकलीय त्याची! बोक्यांची नळी अरुंद असते, ती तुंबते. तेल पाजून काय होणार? संध्याकाळपर्यंत थांबलास तर विष भिनून मरेल तो! आणि पोट दाबून बघू नकोस. नुसता उचल आणि चल." मावशी उभ्या राहून चपला घालत होत्या. "अहो, दवाखान्यात फोन करा, निघालोत म्हणून सांगा. ते खोकं द्या, भोकांचं."

काकांनी फोन लावला. आकडे दाबताना बोट दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा लागला. चष्मेवाल्याच्या घरून बोक्याला खोक्यात घालून मावशी आणि तो खोकं दोन्ही बाजूंनी धरून बाजारातून असे पळत सुटले की मासेवालीला वाटलं चोर पकडलाय. तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि काय झालं ते बघायला तीही मागोमाग धावली.

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. बोक्याला आत घेतलं, भूल दिली, नळी घालून अडकलेलं मोकळं केलं. तासाभराने त्या बाहेर आल्या. चष्मेवाला बाकावर बसून आपला चष्मा पुसत होता, बहुतेक विसाव्यांदा.

"वाचला," त्या म्हणाल्या. "दोनतीन दिवस इथेच ठेवावा लागेल. पण मूत्राशय फार ताणलं गेलं होतं. उद्यापर्यंत थांबला असतात तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

चष्मेवाल्याने मान हलवली आणि तो पुन्हा चष्मा पुसायला लागला. मासेवालीने पदराने डोळे टिपले, तो बोका तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता तरी. मावशींनी चष्मेवाल्याच्या पाठीवर एक थाप मारली. जरा जोरातच बसली.

"आता पाण्याची भांडी दोन ठेव घरात. आणि दर महिन्याला घेऊन ये त्याला माझ्याकडे. त्याचं वजन किती ते तुला सांगता येईल का?"

"असेल चारपाच किलो."

"असेल म्हणे!" मावशी डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. "शुद्धीवर आला की करून ठेवा हो वजन. मी सोमवारी येऊन आकडा घेऊन जाते."

परत आल्या तेव्हा काका दारात उभे होते. मावशींनी दुरूनच हात वर करून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. काका वळले आणि आत बसवून घेतलेल्या तीन गिऱ्हाइकांना म्हणाले, "वाचला. हं, तर मी कुठवर आलो होतो?"